सिंहाचे दात मोजून झाल्यावर

(एका स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’चा सातवा अंक आपल्याला ठाऊक असतो, नाटक वाचलेलं नसलं तरी. मारीच ऋषींच्या आश्रमात एक पोरगा, म्हणजेच भरत, आईचं दूध पिणारा सिंहाचा छावा ओढून काढतो आणि त्याला जबडा उघडायला लावतो, कारण त्याला दात मोजायचे असतात. पुढे या प्रसंगाची चित्रं कॅलेंडरांवर आली, स्नेहसंमेलनांत कापडी सिंहाशेजारी छोटे भरत उभे राहिले आणि वक्त्यांना शौर्याचा एक हुकमी दाखला मिळाला. पण मग दात भरले किती, असं विचारणारा कोणी मला भेटला नाही. त्या पोराला जे हवं होतं ते आपण बाजूला ठेवलं आणि त्याच्या धाडसाचं कौतुक तेवढं उचललं.

तेव्हा आधी ती मोजणी पुरी करू. दुधाचे सगळे दात आलेल्या छाव्याच्या तोंडात 26 दात असतात. पूर्ण वाढलेल्या सिंहाच्या तोंडात 30. वाघाचे 30, बिबट्याचे 30 आणि तुमच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याभोवती घोटाळणाऱ्या मनीचेही 30. कुत्र्याचे 42, लांडग्याचेही 42. तरसाचे 34. माणसाचे अक्कलदाढा धरून 32. आणि बोकडाचे? तेही 32! आता बोकड आणि आपण काही एका पंगतीला बसत नाही. म्हणजे मोजणी झाली, उत्तर बरोबर आलं, पण कळलं काहीच नाही. दात मोजायचे ते सुरुवात म्हणून. खरा अभ्यास त्यापुढे आहे: कोणता दात कुठे आहे, तो कशावर टेकतो आणि त्याने काय तुटतं.

मुलांना वाघाचं तोंड काढायला सांगा. बहुतेक सगळी मुलं वरखाली त्रिकोणांच्या रांगा काढतात, एका मापाच्या, ओळीने. ते तोंड वाघाचं नाही, मगरीचं आहे. सांगलीकडे कृष्णेच्या काठी किंवा चिपळूणला वाशिष्ठीत ज्या मगरी आहेत त्यांचे दात असे असतात: सगळे साधारण एकाच घाटाचे, शंकूच्या आकाराचे. त्यांनी पकडता येतं, चावून बारीक करता येत नाही. म्हणून मगर भक्ष्य धरून स्वतःभोवती गरगर फिरते आणि लचका तोडते. तिचे दात पडतात आणि पुन्हा येतात, आयुष्यभर. हे सांगितलं की पहिली-दुसरीतली मुलं सरसावून बसतात, कारण त्यांच्या तोंडात तेच चाललेलं असतं. आपल्याकडे पडलेला दात उंदराच्या बिळात टाकण्याची रीत अनेक घरांत होती. त्यामागे काय विचार होता कोण जाणे, पण उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात हे खरं आहे. वाघाला ही सवलत नाही. दुधाचे गेले की जे येतील ते शेवटचे.

शिक्षकांना माझी शिफारस अशी, की शिकाऱ्यांचे दात शिकवायला शिकाऱ्यापासून सुरुवात करूच नका. खाटिकाकडून बोकडाचा जबडा आणा, उकळा, घासा, वाळवा. फुकटात मिळतो. त्यात पहिली गंमत म्हणजे वरच्या बाजूला पुढे दातच नाहीत, नुसती कडक हिरडी. खालचे आठ दात त्या हिरडीवर टेकतात आणि झुडपाचा पाला ओढला जातो. मागच्या दाढा रुंद आणि खरबरीत, आणि खालचा जबडा डाव्या-उजव्या अंगाला सरकतो. खेड्यातल्या मुलांना तर अर्धं आधीच येत असतं. बैल आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे त्यांचे आजोबा ओठ उचलून सांगतात, आणि शर्यतीच्या हँडबिलावर तर तसे गटच छापलेले असतात. ज्या मुलाला बैलाच्या दातावरून वय कळतं, त्याला आपण विज्ञानाच्या तासाला ‘मांसाहारी प्राण्यांचे दात अणकुचीदार असतात’ हे एक वाक्य पाठ करायला देतो. त्याची गुणवत्ता त्या ओळीवर ठरते. असो.

बोकडानंतर मांजर घ्या. जिवंत, घरची. तिचा जबडा उघडायच्या भानगडीत पडू नका, नुसतं तिचं खाणं बघा. मोठा तुकडा असला की मांजर मान एका बाजूला कलती करते आणि गालाकडच्या दातांनी तो तोडते. असं का? पुढचे सुळे मारण्यासाठी आहेत, खाण्यासाठी नाहीत. खाण्याचं खरं काम गालातल्या एका जोडीकडे आहे: वरची शेवटची मोठी उपदाढ आणि खालची दाढ. या एकमेकींवर आदळत नाहीत, एकमेकींना घासून जातात, थेट अडकित्त्याच्या पात्यांसारख्या. जबड्याची बिजागरी इतकी घट्ट, की तो बाजूला जवळजवळ सरकतच नाही, फक्त वरखाली होतो. मांजरीला रवंथ जमणार नाही आणि भाकरी चावून बारीक करणंही जमणार नाही. ती कापते आणि गिळते. वाघ हेच करतो, फक्त ताट मोठं.

आता सुळे. वाघाचा सुळा हिरडीबाहेर सहा सेंटिमीटरच्या आसपास दिसतो आणि त्याचं मूळ हाडात खोलवर रुतलेलं असतं. सुळ्याच्या मागे मोकळी जागा असते, तिच्यामुळे तो पुरता आत शिरतो. लहान भक्ष्य असेल तर मांजरकुळातला प्राणी मानेवर मागून चावतो आणि सुळे मणक्यांमध्ये घुसतात. भक्ष्य मोठं असेल तर गळा धरून ठेवतो, श्वास कोंडेपर्यंत. दोन्हींत घाई आहे, कारण धडपडणारं सांबर किंवा रानडुक्कर त्याचाही जीव घेऊ शकतं. ‘क्रूर’ हे विशेषण इथे कुठेच बसत नाही. मी मुलांना सांगतो, जखमी झालेल्या वाघाला डॉक्टर नसतो आणि रजाही नसते.

शाळेतल्या तीन रकान्यांच्या तक्त्यावरही थोडं बोलायला हवं: शाकाहारी, मांसाहारी, मिश्राहारी. पहिलीसाठी ठीक आहे. पण पुढच्या इयत्तांतही आपण तिथेच थांबतो आणि मग अस्वलाचं काय करायचं ते कळत नाही. मेळघाटातलं, ताडोब्यातलं अस्वल वंशाने मांसभक्षक गणातलं, सुळे चांगले दणकट, आणि पोट भरतं वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं, जांभळं यांच्यावर. त्याचे वरचे मधले दोन पटाशीचे दात येतच नाहीत. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. तरसाच्या उपदाढा हाड फोडायला बनलेल्या असतात, म्हणून त्याची विष्ठा वाळली की पांढरी दिसते. एका तरसाच्या जबड्यावर अख्खा तास रंगतो, पण तक्त्यात त्याच्या वाट्याला ‘मांसाहारी’ हा एकच शब्द येतो.

इथे ज्यांचे केस पिकलेत त्यांना दरवेशी आठवत असेल. अस्वल घेऊन गावात यायचा, पोरांना त्याच्या पाठीवर बसवायचा, केसांचा ताईत द्यायचा. आपण टाळ्या वाजवायचो. त्या अस्वलांच्या नाकातून वेसण ओवलेली असायची आणि लहानपणीच त्यांचे सुळे तोडलेले किंवा उपटलेले असायचे. देशातली ही प्रथा 2009 च्या सुमारास संपली. सुळे काढून टाकल्यावरच शिकारी प्राणी आपल्याला मुलांजवळ चालला, हे मला फार बोलकं वाटतं. कारण वेगळ्या रीतीने आपण आजही तेच करतो. खेळण्यातल्या वाघाला दात नसतात, कार्टूनमधला सिंह भाजीपाल्यावर खूश असतो. नाहीतर मग दुसरं टोक: टीव्हीवरचा डरकाळ्या फोडणारा रक्तबंबाळ जबडा, ज्याला फक्त दात आहेत, कारण नाही. बोळका मित्र किंवा नुसता खुनी, या दोन्ही रूपांत प्राणी मुलांना कळत नाही.

जुन्या कथाकारांना ही जाण होती. हितोपदेशात तळ्याकाठी एक म्हातारा वाघ हातात दर्भ घेऊन बसलेला असतो आणि वाटसरूला सोन्याचं कंकण देऊ करतो. माझी नखं गेली, दात गेले, आता मला कसला भ्यायचास, असा त्याचा युक्तिवाद असतो. वाटसरू चिखलात रुततो आणि वाघ त्याला खातो. कशाने खातो हे गोष्टीत सांगितलेलं नाही. वर्गात हा प्रश्न टाकून बघा, अर्धा तास सहज जातो.

दात खरोखरच गेले तर काय होतं, याची नोंद इतिहासात आहे. चंपावतची वाघीण शिकारी जिम कॉर्बेटने 1907 मध्ये मारली. तोवर तिच्या नावावर 436 माणसांचे बळी लागले होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते: वरचा निम्मा, खालचा थेट हाडापर्यंत. कॉर्बेटच्या मते ही जुन्या बंदुकीच्या गोळीची करणी होती आणि त्यामुळेच तिला नेहमीची शिकार जमेना. हे सांगणारं त्याचं पुस्तक 1944 मध्ये आपल्या मुंबईतच प्रथम छापलं गेलं.

दुसरं प्रकरण आफ्रिकेतल्या त्साव्होचं. 1898 मध्ये तिथे रेल्वेचा पूल बांधायला हिंदुस्थानातून मजूर नेले होते आणि दोन सिंहांनी त्यांच्या छावणीत हाहाकार माजवला. त्या सिंहांच्या कवट्या आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. एकाचा खालचा उजवा सुळा मोडलेला आणि मुळाशी पू झालेला. त्यांच्या मोडक्या दातांच्या पोकळ्यांत अडकलेले केस शास्त्रज्ञांनी बाहेर काढले आणि 2024 मध्ये त्यांचा डीएनए तपासल्याचं जाहीर केलं. जिराफ, झेब्रा, ओरिक्स, विल्डबीस्ट असे बरेच प्राणी निघाले. आणि माणूसही. सव्वाशे वर्षांपूर्वीचं जेवण दातात अडकून राहिलं होतं! मुलं हे ऐकून आधी ‘ईऽऽ’ म्हणतात आणि मग लगेच स्वतःच्या दाढेवरून जीभ फिरवून बघतात.

पण ‘दात मोडला की नरभक्षक’ असं सोपं सूत्र मुलांना देऊ नका. ब्लेअर व्हॅन व्हॅलकेनबर्ग या अमेरिकन संशोधक बाईंनी 1988 मध्ये मोठ्या शिकारी प्राण्यांच्या कवट्यांचा अभ्यास मांडला. साधारण चारातल्या एका प्राण्याचा एखादा तरी दात मोडलेला होता आणि सर्वांत जास्त मोडलेले होते सुळे. एवढे सगळे काही माणसं खात फिरले नाहीत. त्साव्होच्या दुसऱ्या सिंहाचे दात तर बऱ्यापैकी धड होते. दात कारण सांगतात, पण सगळंच कारण सांगत नाहीत, एवढा विवेक चौथीच्या मुलाला पेलतो. मोठ्यांना पेलतो की नाही, मला शंका आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर. इथल्या मुलांसाठी बिबट्या हा पुस्तकातला धडा नाही, उसाच्या सरीतला शेजारी आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या परिसरात केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. शेती आणि वस्तीच्या त्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे होते, आणि तरसंही साधारण तेवढीच. विष्ठेतल्या केसांवरून बिबट्यांचं खाणं तपासलं तेव्हा सर्वांत मोठा वाटा निघाला गावच्या कुत्र्यांचा. जंगल नाही, हरणं नाहीत, पण कुत्री आहेत, शेळ्या आहेत आणि लपायला वर्षभर उभा असलेला ऊस आहे. कुत्र्याएवढं भक्ष्य मानेत धरायला बिबट्याचे दात पुरेपूर आहेत.

2025 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत मुलं होती. त्या दिवसांत तिथले लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतावर जाऊ लागले. वर्तमानपत्रांतल्या त्या फोटोंवर शहरात काही जण हसले. मला हसू आलं नाही. बिबट्या कुठे चावतो आणि का चावतो, हे त्या शेतकऱ्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा नेमकं ओळखलं होतं.

या भागातल्या मुलाला काय शिकवायचं ते स्पष्ट आहे. वाकलेला, बसलेला, लहानसर आकार बिबट्याला नेहमीच्या भक्ष्यासारखा वाटू शकतो, म्हणून अंधार पडताना एकट्याने उसाकडेला बसायचं नाही. दोघांतिघांनी, मोठ्याने बोलत, बॅटरी घेऊन जायचं. दिसलाच तर पळायचं नाही, उभं राहून, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरायचं. तोडणीत बछडी सापडली तर उचलायची नाहीत, आई जवळपास असते. मोठ्यांना सांगायचं, मोठ्यांनी वनखात्याला. हे मुलांना घाबरवण्यासाठी नाही. शेतातल्या विहिरीचा काठ जसा आपण दाखवून ठेवतो तसंच हे. आणि हे सगळं फक्त मुलांच्या माथी मारून चालणार नाही. वस्तीवर दिवा, घरात संडास, शाळेला गाडी आणि ऊसतोड कामगारांच्या लेकरांना रात्री बंद छप्पर देणं हे मोठ्यांचं काम आहे. तिथे दातांचा धडा उपयोगाचा नाही.

मात्र खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांची गाठ बिबट्याच्या सुळ्याशी कधीच पडणार नाही. ती पडेल कुत्र्याच्या दाताशी. 42 दातांचा हा शिकारी गल्लीत झोपलेला असतो. त्याचा नुसता ओरखडा असला तरी घरी सांगायचं, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीज एकदा अंगात उफाळला की जवळजवळ कोणी वाचत नाही. मुलं ओरडा बसेल म्हणून चावलेलं लपवतात, त्यामुळे या धड्याचा पहिला विद्यार्थी पालक आहे. दुसरा दात मण्यारीचा. तो इतका बारीक, की झोपेत दंश झाला तर पुष्कळदा दुखतही नाही आणि खूणही धड दिसत नाही. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं मरतात, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. वाघाच्या सुळ्याची चित्रं काढणाऱ्या मुलांना हे कळायला हवं, की दाताची लांबी आणि त्याचा धोका यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

एक तक्रार मला नेहमी ऐकावी लागते, विशेषतः शहरातल्या शाळांत: लहान मुलांना मारणं, फाडणं, रक्त हे कशाला दाखवता? त्यांच्या मनावर परिणाम होईल. माझा अनुभव उलटा आहे. कवटी टेबलावर ठेवली की मुलं हात लावतात, बोट फिरवतात, विचारतात. वाघाला दात घासावे लागतात का? कीड लागते का? तर सांगायचं, कीड फार क्वचित लागते, कारण तो साखर खात नाही. मांजरकुळातल्या प्राण्यांना गोड चवच कळत नाही, तो जनुक त्यांच्यात निकामी झालेला आहे, हे 2005 मध्ये सिद्ध झालं. मग एखादी मुलगी विचारते, म्हणजे वाघाला श्रीखंड आवडणार नाही? नाही आवडणार, बाळ. जिथे कारण कळतं तिथे भीती फार वेळ टिकत नाही, आणि नको ती मायाही टिकत नाही.

शिक्षकांसाठी एक कायद्याची गोष्ट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वाघ-बिबट्याचे खरे दात, नखं, कातडं परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. एखाद्या वाड्यातून ‘आजोबांच्या शिकारीचा’ सुळा वर्गात दाखवायला आणू नका. बाळाच्या गळ्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनखही यात येतं. खरं असेल तर गुन्हा, खोटं असेल तर सोनाराने फसवलेलं. दाखवायला रेझिनचे किंवा प्लॅस्टरचे साचे उत्तम. हाताळले तरी झिजत नाहीत आणि कुणाचा जीव गेलेला नसतो.

म्हणून या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो ते गुरुजी आयुष्यभर वर्गात शिकवत होते. पुढच्या वर्षी वक्त्याला शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊ नका. त्या पैशांत बिबट्या, लांडगा आणि तरस यांच्या कवट्यांचे तीन साचे घ्या, सोबत बोकडाचा जबडा फुकट मिळेलच. एका पत्र्याच्या पेटीत ते भरा आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत पंधरा-पंधरा दिवस फिरवा, उसाच्या पट्ट्यातल्या शाळांत आधी. एक-दोन दात मोडतील, त्याची चिंता करू नका. पेटीची नोंद कोण ठेवणार तेवढं आज इथून उठण्याआधी ठरवून टाका.